वीस वर्षं गोठलेली शाळा

३० जानेवारी २००३. हुतात्मा दिनी दिल्लीत शे-दीडशे माणसं एका कार्टूनच्या निषेधासाठी जमली आणि त्यांनी उपोषणाचा पवित्रा घेतला. त्यांत राजकारणी मंडळी होती. निषेध करणाऱ्यांमध्ये गांधीजींचे पणतू तुषार गांधी यांचाही आवाज होता. ज्या मालिकेवरून हे सगळं चाललं होतं तिचं नाव ‘क्लोन हाय’. अमेरिकेत एमटीव्हीवर ती सुरू होऊन दहाच दिवस झाले होते आणि भारतात तिचा एकही भाग कुठल्या वाहिनीवर लागलेला नव्हता. तरीही थोड्याच आठवड्यांत एमटीव्हीने ती गुंडाळली.

दिल्लीतल्या उपोषणाचा धक्का अमेरिकेतल्या एका कार्यक्रमाला बसतो, हेच मुळात थक्क करणारं आहे. पण मला त्याहून नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मालिका बंद झाली तेव्हा तिचे तेराच्या तेरा भाग पूर्ण होऊन पडले होते. आणि वीस वर्षांनी त्यातली पोरं एका दिवसानेही मोठी न होता परत पडद्यावर आली. माणसांना घेऊन केलेल्या मालिकेत हे होऊ शकत नाही. काढलेल्या चित्रांच्या मालिकेत ते का होतं, हे कळायचं तर आधी ती चित्रं हलतात कशी ते बघावं लागेल. त्यासाठी आपल्याला वाटाण्याच्या एका दाण्यापर्यंत मागे जायला हवं.

१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. हातात पैसा नव्हता आणि चलच्चित्र ही काय चीज आहे हे भांडवल देणाऱ्याला पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसामागून दिवस थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत राहिले. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाणारी ती फिल्म पडद्यावर चालवली तेव्हा दाणा फुटून त्याचा वेल बघता बघता वर चढला. पैसे मिळाले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. पुढे १९१५मध्ये याच गृहस्थाने आगपेटीतल्या काड्या एकेक फ्रेमला जराशा सरकवून त्यांना नाचवलं. ‘आगकाड्यांची मौज’ हे त्या फिल्मचं नाव. ती आज उपलब्ध नाही. तीसच्या दशकात पुण्याच्या प्रभातने ‘जंबूकाका’ नावाच्या कोल्ह्याचं कार्टून केलं. कार्टून हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं कुणी म्हणालं, तर त्र्यंबकेश्वरच्या या माणसाच्या वाटाण्याची आठवण जरूर करून द्यावी.

तत्त्व एवढंच आहे: एका सेकंदात २४ फ्रेम. वाटाणा स्वतः वाढत होता, काड्या हाताने सरकवता येत होत्या. पण चित्र काढायचं असेल तर प्रत्येक हालचाल कुणीतरी कागदावर उतरवायला हवी. साध्या टीव्ही मालिकेचा भाग जाहिराती वगळून २२ मिनिटांचा असतो. म्हणजे १,३२० सेकंद, म्हणजे ३१,६८० फ्रेम. इतकी चित्रं टीव्हीच्या पैशात कुणी काढू शकत नाही. म्हणून एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवतात. डोळ्याला ते चालतं. तरी एका भागाला १५,८४० चित्रं होतात आणि तेरा भागांना दोन लाखांच्या वर.

इथून पुढे काटकसर ही एक कलाच होते. पात्र उभं आहे, फक्त हात हलतोय, तर शरीर तसंच ठेवा आणि हाताचीच चित्रं बदला. पात्र बोलतंय, तर तोंडच बदला. पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या यूपीए या स्टुडिओने गरजेपोटी आलेली ही गोष्ट शैली म्हणून वापरली. सपाट रंग, टोकदार आकार, डिस्नेच्या गुबगुबीत सफाईला मुद्दाम दिलेला फाटा. ‘क्लोन हाय’चं चित्रण याच घराण्यातलं आहे. त्यातली पोरं एका ठरावीक पवित्र्यातून दुसऱ्या पवित्र्यात झटकन जातात, मधलं फारसं काही दिसतच नाही, आणि विनोद नेमका त्या झटक्यात असतो.

तोंडाची गोष्ट मला विशेष आवडते. कार्टूनमध्ये आवाज आधी मुद्रित होतो, चित्रं नंतर येतात. मुद्रित आवाज फ्रेमगणिक फोडून एका लांबलचक तक्त्यावर लिहितात. कुठल्या फ्रेमला कुठला ध्वनी, हे त्या तक्त्यावर कळतं. त्याला एक्सपोजर शीट म्हणतात. आणि प्रत्येक पात्राची आठ-दहा तोंडं आधीच काढून ठेवलेली असतात: ओठ मिटलेले, ओठ गोल, जबडा उघडा, वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले. हे किती बारीक काम आहे ते आरशासमोर उभं राहून कळतं. ‘पिंपरी’ म्हणा: ओठ दोनदा मिटतात. ‘भोसरी’ म्हणा: सुरुवातीलाच एकदा मिटतात आणि लगेच गोल होतात. ‘चिंचवड’ म्हणताना ओठ कुठेच पूर्ण मिटत नाहीत, फक्त ‘व’ला खालचा ओठ दातांकडे जातो. आणि ‘चाकण’ म्हणताना ओठांना काही कामच नाही, सगळं जिभेने होतं. ‘पिंपरी’च्या पहिल्या फ्रेमला चित्रकाराने उघडं तोंड लावलं, तर चूक नेमकी कुठे झाली हे प्रेक्षकाला सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटं आहे हे तीन वर्षांच्या मुलालाही कळेल.

तर क्रम असा: संहिता, मग आवाज, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे सगळा भाग लहान लहान चौकटींत काढलेला. त्या चौकटी आवाजावर बसवून एक कच्ची फिल्म करतात. विनोद पडतोय की नाही हे तिच्यावर बघायचं, कारण इथे दुरुस्ती स्वस्त असते. दरम्यान प्रत्येक पात्राचं मॉडेल शीट तयार होतं: समोरून, बाजूने, पाठमोरं, रागावलेलं, हसणारं, शेजारच्या पात्राच्या तुलनेत उंची किती. हे सगळं बांधून अमेरिकन मालिकांचं मुख्य चित्रकाम बहुधा परदेशी जायचं. ‘क्लोन हाय’चं कोरियात गेलं. तिथे आधी हालचालीची मुख्य चित्रं होतात, मग मधली, मग रंग. माल परत आला की चुका काढायच्या, त्या पुन्हा पाठवायच्या, शेवटी संगीत आणि ध्वनी. एका भागाला संहितेपासून शेवटापर्यंत आठ-दहा महिने सहज जातात. भाग एकामागे एक रांगेत असतात, म्हणून पहिला भाग प्रेक्षकांना दिसेपर्यंत शेवटचा भागही पूर्ण होत आलेला असतो.

पिंपरी-चिंचवडच्या आपल्या पट्ट्यातल्या वाचकाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. भोसरी एमआयडीसीतल्या कुठल्याही लहान प्रेस शॉपमध्ये जा. गाडीतला एखादा ब्रॅकेट दाबून काढायला काही सेकंद लागतात. पण त्याची डाय, म्हणजे साचा, व्हायला महिने जातात: डिझाइन, मशिनिंग, हीट ट्रीटमेंट, ट्रायल, दुरुस्ती, परत ट्रायल, कस्टमरची मंजुरी. सगळा खर्च आणि सगळी अक्कल पहिला पीस निघायच्या आधी लागते. मग चाकणमधल्या कारखान्याने ते मॉडेल बंद केलं की शेड्यूल शून्यावर येतं. डाय मात्र राहते. मी अशा शॉपमधल्या रॅकसमोर बराच वेळ उभा राहिलो आहे. ग्रीस फासलेल्या, पार्ट नंबर रंगवलेल्या डाय, कित्येक तर अशा गाड्यांच्या, ज्या आता रस्त्यावर क्वचितच दिसतात. “ह्यातली कुठली भंगारात का नाही देत?” असं विचारलं तर मालक सांगतो, “साहेब, स्पेअरची ऑर्डर कधीही येते.” आणि ती खरंच येते. मग ती डाय धुऊन-पुसून पुन्हा प्रेसवर चढते आणि वीस वर्षांपूर्वीचा तोच पीस, त्याच मापाचा, बाहेर पडतो.

मॉडेल शीट ही कार्टूनची डाय आहे. हे एकदा लक्षात आलं की ‘क्लोन हाय’चं पुढचं सगळं समजतं.

फिल लॉर्ड आणि ख्रिस मिलर हे कॉलेजपासूनचे मित्र. बिल लॉरेन्स या तिसऱ्या भिडूबरोबर त्यांनी ही कल्पना आधी फॉक्सकडे नेली. फॉक्सने नाही म्हटलं. मग एमटीव्हीने ती घेतली आणि कॅनडातली टेलिटून ही वाहिनी सोबत आली. कल्पना अशी: सरकारने एका गुप्त प्रयोगात इतिहासातल्या थोरांचे क्लोन बनवले, आणि ते आता सोळा-सतरा वर्षांचे होऊन एकाच शाळेत शिकताहेत. लिंकन लाजाळू आणि गोंधळलेला आहे. जोन ऑफ आर्कचं त्याच्यावर प्रेम आहे आणि ते त्याला दिसत नाही. क्लिओपात्रा रूपगर्विता आहे, केनेडी छाती काढून फिरतो. आणि गांधी? हा पोरगा आपल्या मूळ पुरुषाच्या थोरपणाचं ओझं पेलवत नाही म्हणून सतत धिंगाणा घालतो, पार्ट्या करतो, कुणालाही टाळ्या देत सुटतो.

कल्पनेत दम आहे हे मी मनापासून म्हणतो. महान माणसाच्या पोटी जन्मलेल्या, किंवा नुसतं त्याचं नाव मिळालेल्या मुलांची घालमेल सगळ्यांनी पाहिलेली असते. क्लोनवर तर ते ओझं शंभर टक्के. पण लिंकन आणि केनेडी यांची थट्टा करणारे त्यांच्याच देशाचे होते, त्यांच्या घरातले होते. गांधी त्या घरातला नव्हता, आणि त्याचं घर कुठे आहे याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

त्याचं घर आपल्या जवळ आहे. १९२४च्या जानेवारीत येरवडा तुरुंगातून खऱ्या गांधीजींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. १९४२च्या ऑगस्टपासून १९४४च्या मेपर्यंत ते आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते. तिथे आधी महादेवभाई देसाई गेले, मग २२ फेब्रुवारी १९४४ला कस्तुरबा. दोघांच्या समाध्या त्याच आवारात आहेत. पिंपरीहून निघालं तर फार लांब नाही. ज्याने ती जागा पाहिली आहे त्याला २००३ साली दिल्लीत बसलेल्या माणसांचा संताप नाटकी वाटणार नाही. त्याच सुमारास ‘मॅक्झिम’ या अमेरिकन मासिकाने एका चित्रमालेत गांधींना मारहाण होताना दाखवलं होतं, त्याने वातावरण आधीच तापलं होतं. माझी तक्रार एवढीच, की कुणीतरी एक भाग बघायला हवा होता. त्या वात्रट पोराच्या मागे एक घाबरलेला मुलगा आहे, हे बघितल्यावर राग कदाचित गेला नसता, पण त्याचा रोख बदलला असता.

एमटीव्हीने माफी मागितली. हा कार्यक्रम अमेरिकन प्रेक्षकांसाठी केलेला होता, असा त्या खुलाशाचा सूर होता. पण असा एका देशापुरता प्रेक्षक २००३ साली उरलाच नव्हता. लॉर्ड आणि मिलर यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं की निषेध झाला तेव्हा एमटीव्हीतले बडे अधिकारी भारतातच होते, आणि इथल्या प्रसारणाचा परवाना जाण्याची भीती त्यांना दाखवली गेली. एका बाजूला भारतासारखी बाजारपेठ, दुसऱ्या बाजूला प्रेक्षकसंख्या फारशी नसलेली एक मालिका. निर्णय अवघड नव्हता. दुसऱ्या सीझनसाठी गांधीशिवाय काही सुचतंय का, अशी विचारणा झाली. तेव्हा लेखकांनी एक तोडगा काढला: हा मुलगा मुळात गांधींचा क्लोन नव्हताच, तो गॅरी कोलमन या नटाचा क्लोन होता आणि कागदपत्रांत गोंधळ झाला होता, असं दाखवायचं. एमटीव्हीने त्यालाही नकार दिला.

पण कॅनडात टेलिटूनने ही मालिका २ नोव्हेंबर २००२लाच सुरू केली होती. तिथे तेराही भाग दाखवले गेले. म्हणजे एकच मालिका एका देशात मध्येच तुटली आणि शेजारच्या देशात पूर्ण झाली. हे होऊ शकलं, कारण भाग आधीच बनलेले होते. नटांना घेऊन चाललेल्या मालिकेत प्रसारणासोबतच चित्रीकरण चालू असतं. आज बंद म्हटलं की उद्याचा सेट मोडतो, कथा तिथेच संपते. इथे थांबवायला शिल्लक होतं ते फक्त दाखवणं.

आणि शेवटचा भाग कसा संपतो? शाळेच्या निरोपाच्या नाचात मुख्याध्यापक स्कडवर्थ सगळ्या क्लोनना मांस साठवायच्या थंड खोलीत गोठवून टाकतो. पुढच्या सीझनमध्ये सोडवायचं म्हणून घातलेला तो पेच वीस वर्षं तसाच राहिला.

चित्रांचं हे टिकणं आपल्याकडेही एकदा दिसलं आहे, आणि तेही एका वादानंतरच. युगो साको या जपानी दिग्दर्शकाला रामायणावर कार्टूनपट करायचा होता. १९८३च्या सुमारास विश्व हिंदू परिषदेने हरकत घेतली, भारत सरकार सहकार्याला तयार झालं नाही, आणि काम मुख्यतः जपानमध्ये झालं. त्यात साकोंच्या जोडीला राम मोहन होते. मुंबईतल्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात, डिस्नेहून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली तयार झालेले हे आपले थोर ॲनिमेटर. चित्रपट १९९२मध्ये पूर्ण झाला, महोत्सवात दिसला, पुढे मुलांनी तो टीव्हीवर पाहिला. भारतातल्या चित्रपटगृहांत तो रीतसर लागला २४ जानेवारी २०२५ला. साको २०१२मध्ये गेले, राम मोहन २०१९मध्ये. चित्रातले राम-लक्ष्मण मात्र १९९२साली होते तेवढ्याच वयाचे होते, आणि पहिल्यांदा बघणाऱ्या पोरांना तो जुना वाटला नाही. मला याचा आनंद होतो आणि राम मोहन यांच्यासाठी वाईटही वाटतं.

‘क्लोन हाय’ची स्पेअरची ऑर्डर २०२३मध्ये आली. २३ मे रोजी अमेरिकेत मॅक्स या सेवेवर ती पुन्हा सुरू झाली, आणि पहिल्याच भागात ती गोठलेली पोरं वितळवून बाहेर काढली गेली. त्यांच्यासाठी मधली वीस वर्षं घडलीच नव्हती. कथा त्याच गमतीवर उभी केली होती: २००३ची मुलं, २०२३ची शाळा. लिंकनचा आवाज पुन्हा विल फोर्टचाच. क्लिओपात्राचा चेहरा तोच, पण आवाज मात्र नवा, मित्रा जौहारी यांचा. पूर्वी तो आवाज देणाऱ्या क्रिस्टा मिलर यांनी या वेळी दुसरं पात्र घेतलं. चेहऱ्याची डाय रॅकवर होती, आवाजाची डाय नसते. गांधी परतला नाही. ते दार निर्मात्यांनी स्वतःच बंद ठेवलं. दोन सीझन झाले आणि २०२४मध्ये मालिका दुसऱ्यांदा बंद झाली.

पण २०२३च्या त्या मे-जूनमधली दुसरी गोष्ट मला या सगळ्यातली सर्वांत सुंदर वाटते. मालिका परत आल्यानंतर दहा दिवसांच्या आत, १ जूनला, भारतात ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ प्रदर्शित झाला. त्याचे निर्माते आणि सहलेखक तेच, लॉर्ड आणि मिलर. त्यात मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांत मिसळून केलेलं मुंबटन नावाचं शहर आहे, आणि तिथला स्पायडर-मॅन आहे पवित्र प्रभाकर. हे पात्र २००४मध्ये भारतीय मंडळींनी कॉमिकसाठी घडवलेलं. त्या शहराचं रूप चित्रकारांनी उचललं ते इंद्रजाल कॉमिक्सवरून. होय, वेताळाच्या गोष्टी मराठीतूनही घरोघरी पोचवणारं, मुंबईहून निघणारं ते इंद्रजाल. कागद खरखरीत, रंग रेषेबाहेर थोडा सांडलेला, छपाईत एक रंग दुसऱ्यावर नीट न बसलेला. स्वस्त छपाईतला तो दोष कलाकारांनी संगणकावर मुद्दाम, मेहनतीने पुन्हा उभा केला. आणि चित्रपट भारतात इंग्रजी धरून दहा भाषांत आला, त्यांत मराठीही होती. पहिल्या खेपेला भारतात आपलं कार्टून कोण बघतंय याचा पत्ता नसलेले हे दोघं, दुसऱ्या खेपेला आपल्या आजोबांच्या पेटीतल्या कॉमिक्सपर्यंत पोचले होते.

एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवायची ती जुनी काटकसरही या चित्रपटांत आहे, पण आता ती गोष्ट सांगायचं साधन झाली आहे. २०१८चा पहिला ‘स्पायडर-व्हर्स’ मिळाला तर त्यातलं जंगलातलं दृश्य काढा, जिथे अनुभवी पीटर नवशिक्या माइल्सला झाडांमधून झोके घ्यायला शिकवतो. लॅपटॉपवर एकेक फ्रेम पुढे सरकवायची सोय असते. सेकंदाला पीटरला २४ चित्रं दिली आहेत, माइल्सला १२. कळ दाबत राहा: पीटर प्रत्येक वेळी पुढे सरकतो, माइल्स एक सोडून एक. मग चित्रपट जसा पुढे जातो आणि पोराला झेप घेता यायला लागते, तशी त्याची चित्रं वाढत जातात.